आमच्या खरेदीखतातलं १९२६चं कलम

मिनेसोटा राज्यात २०१९ पासून एक कायदा आहे. घराच्या जुन्या कागदांत वंशावरून बंदी घालणारी अट असेल, तर आजचा मालक एक दस्त नोंदवून ती अट आपल्या मिळकतीपुरती रद्द झाल्याचं जाहीर करू शकतो. मी आणि माझा नवरा नुकतेच या सगळ्यातून गेलो. काम तसं सोपं आहे. पण त्या निमित्ताने दोन महायुद्धांच्या मधली अमेरिका मला जवळून वाचावी लागली. माझ्या डोक्यात तोवर त्या काळाचं ठरलेलं चित्र होतं : जॅझ, फोर्डच्या गाड्या, दारूबंदी, मग १९२९चा शेअर बाजार आणि फुकट सूपसाठी लागलेल्या रांगा. घरांच्या दस्तांमधून चाललेला संघर्ष त्या चित्रात कुठेच नव्हता. आता वाटतं, त्या वीस वर्षांतलं आजपर्यंत सगळ्यात घट्ट टिकलेलं काही असेल तर ते हेच.

आमचं घर दक्षिण मिनिआपोलिसमध्ये, नोकोमिस तळ्याच्या बाजूला आहे. घर घेताना टायटल कंपनीने, म्हणजे मालकीचे कागद तपासणाऱ्या कंपनीने, जो अहवाल दिला त्यात ‘जुन्या अटी व निर्बंध’ अशी एक ओळ होती, आणि खाली दस्ताचा क्रमांक. अशा ओळी प्रत्येकाच्या अहवालात असतात म्हणून कोणी थांबून वाचत नाही. पुढे एका मैत्रिणीने मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ या प्रकल्पाचा नकाशा पाठवला. २०१६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाने हेनेपिन काउंटीतले (मिनिआपोलिस ज्या जिल्ह्यात येतं तिथले) जुने दस्त संगणकाकडून चाळून घेतले, संशयास्पद पानं बाजूला काढली आणि ती हजारो स्वयंसेवकांकडून वाचून घेतली. एकट्या या काउंटीत अशा अटींचे आठ हजारांहून जास्त दस्त सापडले. नकाशात आमचा पत्ता टाकला, तर आमचा प्लॉट त्यात होता. आमच्या गल्लीतले बहुतेक प्लॉट होते.

काउंटी रेकॉर्डरकडून मूळ खरेदीखताची प्रत मागवली. साल १९२६. टंकलिखित, स्वच्छ, दोन पानी. विकासकाने प्लॉट विकताना घातलेल्या अटी एकाखाली एक : घर रस्त्यापासून इतके फूट आत हवं, बांधकामाचा खर्च अमुक डॉलरपेक्षा कमी नसावा, आवारात तबेला नको, दारूची विक्री नको. आणि त्याच रांगेत, त्याच सुरात, ही मिळकत कॉकेशियन (त्यांच्या लेखी गोऱ्या) वंशाच्या नसलेल्या कोणालाही विकता, भाड्याने देता किंवा वापरायला देता येणार नाही. घरकामाला ठेवलेल्या नोकरांना तेवढी सूट.

त्या वाक्यात राग नाही, शिवी नाही. मला ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं ते त्यामुळेच. तबेला नको, तसे हे लोक नकोत. ज्याने हे टंकलं त्या कारकुनाने तेच वाक्य त्या दिवसात आणखी किती दस्तांवर टंकलं असेल!

माझे बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. त्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे हा इतर हक्कातला बोजा आहे. बँकेचा असतो तसा. फक्त बँकेचा बोजा कर्ज फेडलं की उतरतो, हा उतरायला काय फेडायचं ते लिहिलेलंच नाही.” मग त्यांनी मुदत विचारली. आमच्या दस्तात मुदत नव्हती, अट जमिनीबरोबर कायम चालणारी होती. बाबा बराच वेळ गप्प राहिले.

मिनिआपोलिसमधली सापडलेली सर्वांत जुनी अशी अट १९१०ची आहे. तिच्यात चिनी, जपानी, मूर, तुर्क, निग्रो, मंगोल आणि आफ्रिकी रक्ताचे लोक अशी यादीच दिली आहे. त्या वेळी या शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती जेमतेम एक टक्का होती. या आकड्यावर मी फार अडखळले. एक टक्का लोकांपासून वाचायला हजारो दस्त कशाला लागतात? शोधत गेले तेव्हा कळलं की ही भीती शेजारी आलेल्या माणसाची नव्हती, येऊ शकणाऱ्या माणसाची होती. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले, उत्तरेतल्या कारखान्यांना हात कमी पडले, आणि दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं कापसाची शेतं आणि तिथली दहशत मागे टाकून शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंडकडे निघाली. पुढच्या दोन दशकांत ही संख्या लाखोंच्या घरात गेली. १९१९च्या उन्हाळ्यात शहराशहरांत दंगली झाल्या. एकट्या शिकागोत ३८ माणसं मेली. आमच्याच राज्यात, डुलुथमध्ये, १५ जून १९२० रोजी सर्कशीत काम करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने पोलीस कोठडीतून ओढून काढून भर शहरात दिव्याच्या खांबाला फाशी दिलं : इलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅक्गी.

दक्षिणेत असतं तसलं क्रौर्य उत्तरेत नव्हतं, असं इथले लोक अजून सहज बोलून जातात. डुलुथ कॅनडाच्या सीमेजवळ आहे.

कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झटणारी संघटनाही त्या दशकात फक्त दक्षिणेची राहिली नव्हती. १९२३च्या मिनिआपोलिसच्या महापौरपदाच्या निवडणुकीत तिचा उमेदवार उभा होता. तिचा रोख कृष्णवर्णीयांइतकाच कॅथलिक आणि ज्यू लोकांवरही होता. १९२४ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, स्थलांतराचा असा कायदा केला की इटली, पोलंड, रशियाकडून येणाऱ्यांची संख्या एकदम घटली आणि आशियाई लोकांना दार जवळजवळ बंदच झालं. देशाच्या सीमेवर जे कायद्याने झालं, तेच गल्लीच्या सीमेवर खरेदीखताने झालं. दोन्हींचा काळ एकच आहे आणि भाषाही एकच.

खरेदीखतच का, याचं उत्तर कोर्टात आहे. काही शहरांनी आधी सरळ नगरपालिकेचे नियम केले होते, की या भागात गोरे, त्या भागात काळे. सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली ते रद्द ठरवले. मग तेच काम खासगी करारांनी होऊ लागलं. १९२६ साली, म्हणजे आमच्या दस्ताच्याच वर्षी, राजधानी वॉशिंग्टन शहरातल्या अशा एका कराराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खासगी माणसांच्या करारात घटना आड येत नाही म्हणून न्यायालयाने ते आत घेतलंच नाही. विकासकांना हवा होता तो हिरवा कंदील मिळाला. जागा-दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ सालीच आपल्या आचारसंहितेत कलम घातलं होतं, की किमती पडतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या माणसाला वस्तीत आणण्यास दलालाने कधीही हातभार लावू नये. म्हणजे जो दलाल कृष्णवर्णीय कुटुंबाला चांगल्या गल्लीतलं घर दाखवेल तो स्वतःच्या धंद्याची नीती मोडणारा ठरला.

यानंतर पैसा आला, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. विसाच्या दशकात घर घ्यायचं तर निम्मी किंमत हातात लागायची, आणि उरलेलं कर्ज पाच-सात वर्षांत एकरकमी फेडायचं. मंदीत ही पद्धत कोसळली, लाखो कुटुंबांची घरं जप्तीला आली. रूझवेल्टच्या सरकारने १९३३ साली घरकर्जं वाचवणारी सरकारी संस्था काढली आणि १९३४ साली घरकर्जांना हमी देणारं फेडरल खातं. लांब मुदतीचं, दरमहा हप्त्याचं, थोड्या आगाऊ रकमेचं कर्ज सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते तिथून. आज आम्ही भरतो तो हप्ता त्याच व्यवस्थेचा वंशज आहे. पण पहिल्या संस्थेने शहरांचे जे नकाशे काढले त्यात कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या म्हणून रंगवल्या, आणि दुसऱ्या खात्याच्या मार्गदर्शिकेने वंशबंदीची अट असलेल्या वस्त्यांना झुकतं माप दिलं. ज्या अटीने बाहेर ठेवलं तिच्याच जोरावर आतल्याला स्वस्त कर्ज मिळालं. दारिद्र्य हटवायला काढलेल्या योजनेने वस्तीवस्तीतली भिंत सरकारी पैशाने उंच केली. रूझवेल्टच्या त्या योजनांबद्दल मला खूप आदर होता आणि बराचसा अजून आहे, म्हणून हे वाचताना जास्त लागलं.

या सगळ्याला माणसाचा चेहरा मिळाला तो आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, कोलंबस ॲव्हेन्यूवरच्या ४६०० क्रमांकाच्या छोट्या घरापाशी. १९३१च्या जूनमध्ये आर्थर आणि ईडिथ ली या जोडप्याने ते विकत घेतलं. आर्थर टपाल खात्यात नोकरीला होता आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आला होता. आसपासच्या घरमालकांनी आधीच आपसात लिखापढी केली होती, की गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचं नाही. जुलैत रोज संध्याकाळी त्या घरापुढे गर्दी जमू लागली आणि काही हजारांवर गेली. दगड, कचरा, शिव्या. घर परत विकत घेण्याचे प्रस्तावही आले. आर्थर लीने वर्तमानपत्राला सांगितलं की मी फ्रान्सच्या चिखलात या देशासाठी लढत होतो तेव्हा मला कोणी निघून जा म्हटलं नाही. मी इथे घर करायला आलोय आणि तो माझा हक्क आहे. त्यांची वकील होती लीना ऑलिव्ह स्मिथ, मिनेसोटातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री वकील. तिच्या पाठबळावर ते कुटुंब तिथे राहिलं, पण १९३३ साली त्यांनी ते घर सोडलं. आज ते घर राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे. तिथून उत्तरेला आठेक गल्ल्या चालत गेलं की २०२० साली पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला तो चौक लागतो.

याच शहरात १९३४ साली ट्रकचालकांचा मोठा संप झाला. २० जुलैला पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला, दोघे मेले, साठहून अधिक जखमी झाले, आणि शेवटी युनियन जिंकली. मजुरांच्या त्या विजयाबद्दल इथे अभिमानाने बोललं जातं, आणि बोललं जावं. मात्र त्यानंतरही याच शहरात नव्या प्लॉटांच्या दस्तांवर वंशाची अट चढतच राहिली, अगदी चाळीसच्या दशकापर्यंत. मजुरी वाढली, गल्ली उघडली नाही.

आता आपला प्रश्न. १९२६ साली आम्ही असतो तर हे घर आम्हाला मिळालं असतं का? तीन वर्षं आधी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्याचं उत्तर दिलं होतं. थिंड अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले शीख गृहस्थ. त्यांचं म्हणणं होतं की वंशशास्त्राप्रमाणे आपण कॉकेशियन, म्हणून गोऱ्यांना मिळणाऱ्या नागरिकत्वाला पात्र. न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. त्यानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली. ते स्वतःचा खटला लढले आणि जिंकले. वैष्णोदास बगाई यांना तसं यश आलं नाही. ते आणि त्यांची पत्नी कला १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आले होते. बर्कलीत त्यांनी घर घेतलं, सामान घेऊन तिथे पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं ठोकून ठेवलेली. नागरिकत्व गेल्यावर सगळ्याच वाटा बंद होत गेल्या आणि १९२८ साली बगाईंनी आत्महत्या केली. बर्कलीत आज कला बगाईंच्या नावाचा रस्ता आहे.

थिंड खटल्यातली एक गोष्ट मात्र आपण मराठी माणसांनी डोळे उघडून वाचायला हवी. उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे लग्नसंबंधाच्या बाबतीत तसंच पाहतो जसं अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने लेखी मांडला गेला होता. गोऱ्यांच्या दारात उभं राहून आम्हीही तुमच्यासारखीच माणसं दूर ठेवतो, असं सांगून आत यायची ती धडपड होती. ती फसली. कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकून परतलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं, हे शाळेत वाचून मला पाठ होतं. पण पुण्यात आमच्या सोसायटीत भाडेकरू ठेवताना आडनाव विचारलं जायचं, त्याचा त्याच्याशी संबंध मी लावला नव्हता. आमच्या सोसायटीच्या कुठल्याच कागदावर तशी अट नव्हती. ती लिहायची गरज लागली नाही, इतकंच.

दस्त नोंदवायचं काम असं झालं. मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख आणि मिळकतीचं कायदेशीर वर्णन, म्हणजे लॉट, ब्लॉक आणि ॲडिशनचं नाव, एवढं हाताशी लागतं. पत्ता चालत नाही. कायद्यानेच ठरवून दिलेला एक नमुना आहे, त्यात मालकांची नावं, वैवाहिक स्थिती आणि ही माहिती भरायची. मिळकत ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ आहे की ‘टॉरन्स’ हे आधी बघावं लागतं, कारण दोन्हींची नोंद वेगळ्या ठिकाणी होते. टॉरन्समध्ये मालकीचं प्रमाणपत्र सरकार देतं, ॲब्स्ट्रॅक्टमध्ये सगळ्या दस्तांची साखळी हीच मालकी. मग नोटरीसमोर दोघांच्या सह्या. ‘जस्ट डीड्स’ या उपक्रमात सहभागी झालेल्या शहरांतल्या रहिवाशांना यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळते, मिनिआपोलिस त्यात आहे. आमचा मसुदा तिथल्या स्वयंसेवकांनी तपासून दिला.

बाबांना नोंदवलेली प्रत पाठवली. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता : “जुनं कलम खोडलं का?” नाही. जुना दस्त आहे तसाच राहतो, नवा दस्त त्याच्या पुढे नोंदला जातो आणि ती अट रद्द झाली असं सांगतो. बाबांना ते पसंत पडलं. “आपल्याकडेही सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करायचे, खाडाखोड करायची नाही. कंसातलं नाव वाचता आलं पाहिजे. नाहीतर उद्या कोणी म्हणेल असं काही नव्हतंच.”

ही अट आज तशीही निर्जीव आहे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, मिनेसोटाने १९५३ साली नव्या अटी घालायला बंदी केली आणि १९६८च्या केंद्रीय कायद्याने घरांच्या व्यवहारातला वंशभेदच बेकायदा ठरवला. शेजारच्या आजींनी मला हेच विचारलं, की मेलेल्या कलमासाठी एवढी यातायात कशाला? त्यांच्या सासऱ्यांनी ते घर बांधलं होतं. ते फार चांगले गृहस्थ होते, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, असतीलच. मग त्यांना त्यांच्या घराचा दस्त दाखवला, त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि प्रत ठेवून घेतली.

त्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर आकड्यांत आहे. सासऱ्यांनी बांधलेलं घर मुलाला मिळालं, त्यावर कर्ज काढून नातवंडं कॉलेजात गेली. अट असलेल्या वस्त्यांतली घरं आजही जास्त किमतीला विकली जातात. मिनेसोटात गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण तीन चतुर्थांश स्वतःच्या घरात राहतात. कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये हे प्रमाण पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घुटमळतं. देशातल्या सर्वांत मोठ्या तफावतींपैकी ही एक. आमच्या नोंदणीने या आकड्यात काडीचा फरक पडलेला नाही, आणि पडतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९६५च्या स्थलांतर कायद्याने उघडलेल्या दारातून आलेले आम्ही, या गल्लीच्या चढ्या किमतीचे आज वाटेकरी आहोत. ज्यांनी १९६८चा कायदा व्हावा म्हणून मार खाल्ला, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नातवंडांना इथलं घर परवडत नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना आगाऊ रकमेसाठी मदत करणारे निधी शहरात आहेत. आम्ही त्यातल्या एकाला दरवर्षी रक्कम द्यायचं ठरवलं आहे.

इथल्या मराठी मंडळात हे सांगितल्यावर बऱ्याच जणांनी आपापले पत्ते नकाशावर तपासले. ज्यांचं घर १९५३ नंतर बांधलेलं आहे त्यांनीही बघावं, कारण अट घरावर नसून जमिनीवर असते, आणि जमिनीचे प्लॉट बरेच आधी पडलेले असू शकतात. मिनेसोटाबाहेरच्यांनी आपल्या राज्याची तरतूद बघावी. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत काउंटीच्या नोंदणी कार्यालयाकडे असा दस्त नोंदवता येतो. घर घेताना मिळालेल्या टायटल अहवालात ‘निर्बंध’ या ओळीखाली दस्त क्रमांक असेल, तर तो दस्त मागवून पूर्ण वाचा. टायटल कंपन्या अहवालात बहुधा मजकूर देत नाहीत, फक्त क्रमांक देतात.